शेवंतीचं पाणी

गंगापूर रोडला एकदा पोलिसांनी माझी स्कूटर अडवली आणि सॅक उघडायला लावली. आत लवंगेच्या तेलाची बाटली, काचेच्या नळ्या, जांभळ्या खड्यांचा डबा, एक छोटा मायक्रोस्कोप आणि ओल्या टॉवेलात गुंडाळलेली जाळी.

"मॅडम, हे काय?"

"मासे तपासते."

"बाजारात?"

"नाही. लोकांच्या घरी."

त्यांनी आधी सॅककडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "आजारी पडतात का मासे?"

"पडतात."

"मग तुम्ही काय करता?"

मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या, म्हणून मी "पाणी बदलते" म्हणाले आणि सुटले. सहा वर्षं जे काम करतेय त्याचं इतकं नेमकं वर्णन मी त्याआधी कुणाजवळ केलं नव्हतं.

मी डॉक्टर नाही. मत्स्यशास्त्राची पदवी घेतली तेव्हा घरच्यांना वाटलं होतं, पोरगी सरकारी खात्यात लागेल. पण त्याच सुमारास नाशिकमध्ये बंगल्यांच्या मागे, हॉटेलांच्या आवारात, विंचूरकडच्या वाइनरीच्या हिरवळीवर तळी व्हायला लागली आणि त्यांत कोई मासे आले. धरणात कोळ्यांच्या जाळ्यात जो सायप्रिनस मासा सापडतो, त्याचाच हा रंगीत नातेवाईक. जपानी लोकांनी पिढ्यानपिढ्या निवडून निवडून त्याला लाल, पांढरा, सोनेरी केला. चांगलं पाणी मिळालं तर माणसाच्या अर्ध्या आयुष्याएवढा जगतो. वाईट मिळालं तर दोन दिवसांत जातो. मधल्या काळात लोक मला फोन करतात.

फोन नाना तऱ्हेचे असतात. वाइनरीच्या मॅनेजरने एकदा विचारलं होतं, "पाहुण्याने तळ्यात आख्खी बाटली ओतलीय. रेड होती की व्हाइट, त्याने काही फरक पडतो का?" कॉलेज रोडच्या एका बाईंची तक्रार होती की मासे हल्ली त्यांच्याकडे बघत नाहीत. (त्यांनी नवीन चष्मा घेतला होता. मासे पूर्वीही बघत नव्हते.) एका गृहस्थांनी सोफ्याचं कापड बदललं म्हणून मासे बदलायला बोलावलं. मी नाही म्हणाले. म्हणजे मनात म्हणाले. तोंडाने "बघते" म्हणाले आणि पुन्हा गेले नाही.

मला बोलायला जमत नाही हे या धंद्यात फारसं आड येत नाही. पेशंट गप्प असतो आणि निरीक्षणावर काम भागतं. मासा कसा पोहतोय, पंख अंगाला चिकटवून आहे का, कुठल्या कोपऱ्यात थांबतो, कल्ले किती वेगाने हलतात, हे दहा मिनिटं न बोलता बघत बसायचं आणि मग जाळी भिजवायची. अडचण एवढीच की प्रत्येक माशामागे एक माणूस असतो.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठीच बोलायचो, पण लिहायची वेळ क्वचित आली. मराठी लिहायची सवय मला आडगाव नाक्याच्या पुढे, वामनकाकांच्या तळ्याच्या काठावर लागली. हा सगळा लेख त्याच तळ्याबद्दल आहे.

वामनकाका ओझरला विमानांच्या कामावर फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागे स्वतःच्या हाताने तळं बांधलं. त्यातला पाइपाचा एकेक सांधा बघण्यासारखा आहे. मी दुसऱ्या गिऱ्हाइकांना फोटो दाखवते. साठीनंतर त्यांचे कान गेले, त्यांच्या वडिलांचेही तसेच गेले होते. श्रवणयंत्र आणलं होतं, ते देवघराच्या खणात असतं, कारण "त्यातून फक्त भांडी ऐकू येतात." मग त्यांनी एक फुलस्केप वही घातली. डाव्या पानावर रोज सकाळी सहाला तपासलेल्या पाण्याची नोंद, उजव्या पानावर माणसांशी बोलणं. त्यांना काही सांगायचं असेल तर तिथे लिहायचं. ते मोठ्याने वाचतात आणि तेवढ्याच मोठ्याने उत्तर देतात. त्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला जातो, हे त्यांना माहीत नाही.

इतकं सोयीचं गिऱ्हाईक मला दुसरं मिळालं नाही. मी लिहायची, ते वाचायचे. चार वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही.

घरातलं बोलणं लीलाकाकूंकडे होतं. काकू मूळच्या निफाडकडच्या. त्यांच्या एका वाक्यात गुडघा, कांद्याचा भाव, शेजारची सून आणि मी अजून लग्न का करत नाही, हे सगळं येतं. मला त्या "मासेवाली" म्हणतात. "आली का गं मासेवाली? वाळलीस किती! तुझे मासे तरी बघ कसे गुबगुबीत हायेत." मी "हो का", "हं" असं म्हणत काकांच्या वहीत मान घालायची. काकूंनी काय सांगितलं, हे मला घराबाहेर पडल्यावर आठवत नसे.

तळ्यात सात मासे होते. त्यातली शेवंती सगळ्यांत मोठी, पिवळीधमक, हातभर लांब. काकांनी निवृत्तीनंतर आणलेल्या पहिल्या पिल्लांमधली ती एकटी उरलेली. काकू ओट्यावर आल्या की ती काठाशी यायची आणि काकूंच्या बोटांमधून सोललेले वाटाणे खायची. "माझी लेक," काकू म्हणायच्या. "तुझ्यापेक्षा बरी. हाक मारली की येती तरी."

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर चार-पाच दिवसांनी काकांचा मेसेज आला. "शेवंती वर येऊन तोंड उघडझाप करते. दुपारी जास्त. सकाळी बरी."

मी दुपारी बाराला पोचले. शेवंती पाण्याच्या वरच्या थरात तिरकी होऊन हवा ओढत होती. पंखांच्या कडांना लाल रेघा होत्या. बाकीचे सहाही सुस्त. मी वहीचं डावं पान बघितलं. काकांच्या छापील वाटावं अशा अक्षरात: ६.००. अमोनिया ०.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. मासा श्वासाबरोबर कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो, तळ्यात तिथेच साठतो आणि माशाचे कल्ले जाळतो. म्हणून तळ्याला फिल्टर असतो. फिल्टर म्हणजे नुसती गाळणी नव्हे. आतल्या दगडांवर आणि जाळ्यांवर जिवाणू वाढलेले असतात आणि ते अमोनिया खाऊन टाकतात. आजारी मासा दिसला की सगळ्यांत आधी अमोनिया तपासायचा, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक. हिरवं झालं तर धावायचं.

नळी माझ्या सॅकमध्ये होती. पण काकांनी सकाळीच तपासलं होतं. त्यांच्यासमोर मी पुन्हा नळी भरली तर त्याचा अर्थ काय झाला असता? ज्या माणसाने चौदा वर्षांत एक सकाळ चुकवली नाही, त्याच्या नोंदीवर मी शंका घ्यायची, हे मला जमलं नाही. मी नळी बाहेर काढली नाही.

शेवंतीला टबात घेतलं. लवंगेच्या तेलाचे थेंब टाकले, त्याने मासा गुंगीत जातो. ओल्या हातांनी तिला धरून अंगावरचा बुळबुळीत थर काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. तेवढ्यात काकू येऊन शेजारी बसल्या.

"काय झालं गं माझ्या लेकीला? मी तर म्हणते दृष्ट लागली. यंदा किती माणसं येऊन गेली घरात. आख्ख्या गल्लीचे गणपती माझ्याच पिंपात विरघळवले ना! अकरा! ती पावडर मिळती बघ, दोन दिसांत देव गुडूप. नदीवर जायला नको, गर्दी नको. आन् ते पाणी लय चांगलं असतं झाडांना, रोज दोन बादल्या घालते मी जास्वंदीला. कळ्या बघ कशा धरल्यात..."

"हो का," मी म्हणाले. मला काचेवर दोन बारीक किडे दिसले होते. कल्ल्यांवर राहतात तसले. दोन-चार किडे तर धडधाकट माशावरही सापडतात, हे मला पाठ होतं. पण मला कारण हवं होतं आणि कारण सापडलं.

त्यावर औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. पूर्वी विहिरीत टाकायचे, तेच जांभळे खडे. आख्ख्या तळ्यात मोजून टाकायचं. मात्र त्याआधी फिल्टरकडे जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करायचा. कारण ते औषध किडे मारतं तसे फिल्टरमधले जिवाणूही मारतं. मी औषध मोजलं, कालवलं, पाणी गुलाबी झालं. काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माझा एक भाचा हाय ओझरला. निर्व्यसनी. फोटो दाखवू का?"

मी चहा तीन घोटांत संपवला, वहीत "उद्या येते" लिहिलं आणि पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. काकांनी शब्द लिहिले नव्हते. काचेच्या नळीचा फोटो होता. नळी गर्द हिरवी होती.

स्कूटर चालवताना हेल्मेटच्या आत मला एकच गोष्ट दिसत होती. त्या व्हॉल्व्हची लाल मूठ. मूठ पाइपाला आडवी असेल तर बंद, समांतर असेल तर चालू. मी ती फिरवल्याचं मला आठवेना.

दोन मासे गेले होते. दोघी पांढऱ्या, लाल ठिपक्यांच्या. काकांनी त्यांना ओल्या पोत्यावर नीट शेजारी शेजारी ठेवलं होतं. शेवंती तळाशी आडवी होती, एक कल्ला हलत होता. मी व्हॉल्व्हकडे बघितलं. मूठ पाइपाला समांतर होती. मी वर बघितलं तर काका, मी कुठे बघतेय ते बघत होते. 

फिल्टर मी मारला होता. पण नुसता फिल्टर बंद पडून एका रात्रीत इतका अमोनिया होत नाही, सात माशांचा तर नाहीच. कुठून तरी बाहेरून येत होता, रोज येत होता, आणि कालपर्यंत काकांचा तो तगडा फिल्टर रात्रभरात त्याचा फडशा पाडत होता. म्हणून सकाळी सहाला शून्य आणि दुपारी हाल. एवढं माझ्या डोक्यात जुळतंय तोवर मागच्या दारातून काकू आल्या. दोन्ही हातांत बादल्या. त्यांनी पहिली बादली जास्वंदीच्या बुंध्याशी ओतली. पावसाने आधीच भिजलेल्या मातीने ते पाणी घेतलं नाही. दुधट पाण्याचा एक ओघळ वाफ्याच्या कडेने निघाला, दगडांच्या फटीतून तळ्यात उतरला.

"काकू, थांबा!"

माझा एवढा आवाज मीच कधी ऐकला नव्हता. काकांनीसुद्धा मान वळवली.

ती पावडर म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट. बिस्किटं खुसखुशीत करायला बेकरीत वापरतात. प्लास्टरची मूर्ती साध्या पाण्यात विरघळत नाही, या पावडरीच्या पाण्यात विरघळते. खाली चुना बसतो आणि वर जे पाणी उरतं ते खरोखर खत असतं, झाडांसाठी उत्तम. फक्त त्यात अमोनिया असतो. नदी घाण होऊ नये म्हणून काकूंनी गल्लीतल्या अकरा घरांना पटवलं होतं, स्वतःचं पिंप दिलं होतं, आणि त्यातला थेंबही वाया जाऊ नये म्हणून रोज सकाळी झाडांना घालत होत्या. मी तुटक तुटक शब्दांत सांगितलं. काकूंनी दुसरी बादली खाली ठेवली.

"देवाचं पाणी हाय ते," त्या म्हणाल्या. "त्यानं कसा मासा मरंल?"

 काकांनी वही पुढे केली, मी लिहिलं. त्यांनी वाचलं आणि वही मिटली.

"आता काय करायचं ते सांग," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण डोळे माझ्यावर रोखलेले. "रडायचं मागून बघू."

पाणी बदलायचं होतं. निम्म्याहून जास्त, आणि ताबडतोब. नळाचं ताजं पाणी चालत नाही, त्यात क्लोरीन असतं. ते मारायला माझ्याकडे हायपोची एकच लहान बाटली होती. "आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी हवंय," मी म्हणाले. "उघड्या भांड्यातलं. खूप."

"म्हंजी शिळं पाणी?"

"हो. शिळं."

काकूंनी घड्याळाकडे बघितलं. सव्वासात. साडेसातला नळ येतो. नळ यायच्या आधी घरोघरी कालचं पाणी मोरीत ओततात आणि पिंपं घासून ठेवतात. काकू ओट्यावर चढल्या, कंपाउंडला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाका मारायला सुरुवात केली.

"ए सुनंदा! पिंप ओतू नको! ओतलंस? अर्धं हाय ना? ते आण! मंगल, तुझ्या पोरांना उठव. नाय नाय, कुणी मेलं नाय. शेवंती मरायला टेकली माझी. शिळं पाणी पाहिजे. हंडा, टाकी, जे असंल ते! अगं, कारण मागून सांगते, आधी पाणी आण!"

दहा मिनिटांत मागचं अंगण माणसांनी भरलं. अकराची अकरा घरं आली. कुणी कळशी, कुणी टब, एका आजोबांनी तांब्या आणला होता आणि काकूंनी तोही घेतला. बायकांनी आपसूक रांग धरली, बादल्या हातोहात पुढे आल्या. कोण कुठे उभं राहील, कुणाच्या कमरेला झेपणार नाही, कुणाच्या गच्चीवर अजून एक टाकी आहे, हे सगळं काकूंना माहीत होतं. इतकी वर्षं त्या हेच तर बोलत होत्या, आणि मी ते ऐकलं नव्हतं. मी उरलेली हायपो मोजून थेंब थेंब टाकत होते, काका पंपाने जुनं पाणी उपसत होते. त्या सकाळी त्या अंगणात सगळ्यांत जास्त शिकलेली मी होते आणि सगळ्यांत कमी उपयोगाचीही.

दहा वाजता नळीतलं पाणी फिकट झालं. शेवंतीला वेगळ्या टबात ठेवलं, हवेचा पंप लावला. ती सरळ झाली नव्हती, पण दोन्ही कल्ले हलत होते. माणसं आपापली भांडी ओळखून घेऊन गेली. काकू आत गेल्या आणि देवघराचं दार लावल्याचा आवाज आला.

त्यानंतर दहा दिवस मी रोज गेले. शेवंती सरळ झाली, पाण्यात तोल धरायला लागली. उजव्या कल्ल्याचा एक तुकडा जळाला तो जळालाच, अजून तसाच आहे. ती खात मात्र नव्हती. काकू तळ्याकडे फिरकत नव्हत्या. चहाचा कप ओट्यावर ठेवायच्या आणि परत फिरायच्या. गुडघा नाही, कांदा नाही, भाचा नाही. पहिल्या दिवशी मला हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्या घरात उभं राहवेना.

"काकू, तुम्ही खायला घातलंत तर..." मी पाचव्या दिवशी म्हणाले.

"माझ्या हाताला इख हाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मी स्वतःला समजावत होते की मूळ कारण बादलीच, मी खोटं तर काही बोललेले नाही, व्हॉल्व्हबद्दल कुणी विचारलेलं नाही. आणि सहा वर्षांत बांधलेलं नाव एका लाल मुठीपायी का घालवायचं? गप्प राहणं मला लहानपणापासून इतकं सवयीचं आहे की त्यातलं कुठलं भित्रेपणाचं, हे मला पटकन ओळखू येत नाही.

काका रोज सकाळी नोंद करत होते. एक दिवस मी मागची पानं चाळली. ज्या दिवशी दोन मासे गेले, त्या पानावर त्यांनी लिहिलं होतं: ६.००. अमोनिया ४. खाली: कारण १. गणपतीचे पाणी, वाफ्यातून. त्याखाली: कारण २. आणि पुढची ओळ कोरी.

मी उजव्या पानावर लिहिलं, "कारण २ काय?"

काका मोठ्याने म्हणाले, "आमच्या हँगरमध्ये हत्यारांचा बोर्ड असायचा. प्रत्येक पान्याच्या जागी पान्याचं चित्र. सुटी व्हायच्या आधी एक पाना कमी भरला, तर विमान जागचं हलायचं नाही. आतमध्ये राहिला असला तर? मग ज्याचा पाना त्याने पुढे यायचं आणि सांगायचं. दुसऱ्याने सांगायचं नाही. माहीत असलं तरी नाही." मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पेन वहीवर ठेवलं आणि पंप साफ करायला गेले.

त्या दिवशी मी पेनाला हात लावला नाही. पुढचे दोन दिवसही नाही. दहाव्या दिवशी लिहिलं. इंग्रजीत लिहावंसं वाटत होतं, इंग्रजीत ते कमी लागलं असतं. मराठीत लिहिलं: "औषध टाकण्याआधी मी फिल्टरचा व्हॉल्व्ह बंद केला नाही. विसरले. त्याने फिल्टर मेला. पाणीही मी स्वतः तपासलं नव्हतं." खाली सही केली आणि वही काकांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. मनात वाचायची त्यांना सवय नाही, हे मी विसरले होते. एकेक शब्द सावकाश, खणखणीत, गल्लीच्या टोकापर्यंत.

स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबलं. काकू दारात आल्या. हात ओले, पदर खोचलेला.

"काय म्हणाले ते?"

मी वहीकडे बघितलं.

"मी तुला इचारते, मासेवाली. काय वाचलं त्यांनी?"

"चूक माझीही होती, काकू. व्हॉल्व्ह..."

"दहा दिस," काकू म्हणाल्या. "दहा दिस मी देवापुढं नाक घासते. माझ्या हातानं लेक मारली म्हणून जेवण जात नाय मला. आन् तू रोज येतीस, माझा चहा पितीस, आन् बघतीस?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काही खरं नव्हतं.

"बोल ना मग! त्या वहीत काय बोलतीस? मला सांग. माझी किती आन् तुझी किती?"

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी उभ्या उभ्या सांगत गेले. काचेवरचे दोन किडे, सॅकमधून न काढलेली नळी, त्यांच्या भाच्याला घाबरून पळाले ते, लाल मूठ. मध्ये दोनदा अडखळले, त्या थांबल्या. "तुमची बादली नसती तर काहीच झालं नसतं," मी म्हणाले. "पण मी फिल्टर मारला नसता तर बहुतेक त्या दोघी वाचल्या असत्या. आणि तुम्ही मला आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. पिंप, पावडर, जास्वंद. मी ऐकलं नाही."

"सांगितलं होतं ना मी?"

"सगळं."

काकूंनी पोतं वाळत घातलेल्या दोरीकडे बघितलं. काका वहीत काहीतरी लिहीत होते. मी नंतर बघितलं, माझ्या सहीखाली त्यांनी फक्त आपली सही केली होती.

"म्हंजी त्या दोन तुझ्या," काकू म्हणाल्या.

"हो."

"आन् ही माझी."

त्या आत गेल्या. मला वाटलं, झालं, आता दार लागणार. पण त्या फ्रीजरमधले वाटाणे उकडून वाटीत घेऊन बाहेर आल्या, टबापाशी खाली बसल्या, गुडघ्याला शिवी घातली, बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि हात पाण्यात घातला. शेवंती हलली नाही. काकू तिच्याशी बोलायला लागल्या. सुनंदाच्या सुनेचं, कांदा कसा सडला त्याचं, भाच्याचं लग्न दुसरीकडे ठरल्याचं, या मासेवालीला अक्कल नसल्याचं. एकही शब्द न गाळता मी ऐकत होते. कितीतरी वेळाने शेवंती संथपणे वळली, त्यांच्या बोटांपर्यंत आली, वाटाणा तोंडात घेतला आणि थुंकला.

"साल काढायची ऱ्हायली," काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या. वाटी त्यांनी माझ्याकडे सरकवली. "नुसती उभी नको राहू. सोल."

मी खाली बसले आणि सोलायला लागले.